ये रे माझ्या मागल्या: दर शनिवारी कुणीतरी खेळाबाहेरच राहतं

शनिवारी रात्री साडेनऊला जमायचं ठरलेलं असतं. नऊ चाळीसला ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘सर्व्हर दिसतोय, पण आत घेत नाही.’ मग कुणी राउटर बंद करून चालू करतं, कुणी फायरवॉल काढून टाकतं, कुणी अख्खा खेळ उडवून पुन्हा टाकतं. सव्वादहाला कळतं की त्या पठ्ठ्याने गुरुवारी मशीन अपडेट केलं होतं आणि बाकीच्यांनी केलं नव्हतं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, फक्त माणूस वेगळा.

आम्ही पाच जण बरीच वर्षं मुक्त स्रोत खेळ खेळतोय. ओपनटीटीडी हा रेल्वे-वाहतुकीचा खेळ हे मुख्य व्यसन, मधूनमधून झिरो ए.डी., बॅटल फॉर वेस्नॉथ, वॉरझोन २१०० हे लढायांचे, आणि चुलतभाऊ आला की लुआंटी, ठोकळ्यांच्या जगाचा. होस्ट, म्हणजे ज्याच्या मशीनवर सर्व्हर चालतो तो, बहुधा मीच असतो, त्यामुळे बोलणीही मीच खातो. हा घोळ इतक्यांदा निस्तरलाय की काय आधी बघायचं आणि काय नंतर, याचा क्रम आता हाताला बसला आहे. तो लिहून ठेवतो.

नकार आला की नुसतंच मौन?

‘जॉइन होत नाही’ म्हटलं की सगळ्यांचा हात आधी राउटरकडे जातो. बहुतेक वेळा दोष तिथे नसतोच. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: खेळ नाही म्हणतोय की काहीच म्हणत नाहीये? नकार लगेच येतो आणि सहसा कारणासकट येतो. आवृत्ती जुळत नाही, अमुक फाइल नाही, तमुक मॉड (खेळात बदल करणारी भर) वेगळा आहे. नकार आला याचा अर्थ तुमचं मशीन सर्व्हरपर्यंत पोचलं, दोघांचं बोलणं झालं आणि समोरच्याने दार लावलं. मग राउटरला हात लावायचं कारणच नाही. मौन वेगळं असतं. ‘कनेक्टिंग’ फिरत राहतं आणि बऱ्याच वेळाने टाइमआउट होतं. तेव्हा नेटवर्ककडे वळायचं.

इथे एक चकवा आहे. खेळाच्या यादीत सर्व्हरचं नाव दिसलं म्हणजे तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात असं नाही. यादी मध्यवर्ती सर्व्हरकडून येते, मित्राच्या मशीनकडून नव्हे. ‘दिसतोय ना, म्हणजे नेट ठीक आहे’ हा युक्तिवाद मी स्वतः अनेकदा केलाय आणि तोंडघशी पडलोय. पुरावा धरायचा तो नकाराचा, दिसण्याचा नाही.

खेळाचं जग कुणाच्या मशीनवर आहे?

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं अर्धं आपोआप उलगडतं, म्हणून इथे थोडा वेळ काढतो.

पत्राने बुद्धिबळ खेळणारे दोघे आठवा. प्रत्येकाच्या टेबलावर आपापला पट. पत्रातून पट जात नाही, फक्त चाल जाते: अमुक घरातला घोडा तमुक घरात. दोन्ही पट सारखे राहायचे तर दोघांनी एकाच मांडणीने सुरुवात केली पाहिजे आणि दोघांचे नियम एकच पाहिजेत. एकाकडे घोडा जरा वेगळा चालत असेल, तर चार पत्रांनंतर दोघे वेगवेगळेच डाव खेळत असतील आणि कुणालाच पत्ता नसेल.

ओपनटीटीडी, झिरो ए.डी., वॉरझोन २१०० आणि वेस्नॉथ या जातीचे खेळ आहेत. ओपनटीटीडीत शेकडो गाड्या धावत असतात, पण त्यांची जागा कुणी कुणाला पाठवत नाही. जॉइन होताना नकाशाची एक सेव्ह फाइल तुमच्याकडे उतरते, आणि त्यानंतर फक्त हुकूम येतात: इथे रूळ टाक, तिथे स्टेशन बांध. गाडी कुठे पोचली, किती कोळसा उतरला, शहर किती वाढलं, हे प्रत्येक मशीन स्वतः मोजतं. म्हणून साध्या नेटवरही एवढा मोठा नकाशा खेळता येतो. आणि म्हणूनच दोन मशीनवरचा खेळ अगदी तंतोतंत एकच असावा लागतो. गाडी चढावर किती मंदावते याचं सूत्र एका आवृत्तीत किंचित बदललं, तर दोन पट फाकले.

लुआंटीची जात निराळी. हा पूर्वीचा माइनटेस्ट, ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं. इथे जग एकाच ठिकाणी असतं, सर्व्हरवर. मॉड सर्व्हरवर चालतात, त्यांची चित्रं आणि आवाज जोडताना तुमच्याकडे आपोआप उतरतात. चुलतभाऊ फोनवरून येवो की लॅपटॉपवरून, त्याच्याकडे कुठले मॉड आहेत याला काडीचं महत्त्व नाही. फ्रीसिव्ह या संस्कृती उभारायच्या खेळातही नियमांचा संच सर्व्हरपाशीच असतो.

तर पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्या जातीत काही अडलं की आधी प्रती जुळवा. सर्व्हरवर जग असलेल्या जातीत अडलं तर होस्टकडे बघा, जॉइन होणाऱ्याला छळू नका.

आवृत्ती: ‘माझ्याकडे लेटेस्टच आहे’

हे वाक्य आमच्याकडे बंद केलंय. लेटेस्ट हा आकडा नाही. मेन्यूत जो आकडा दिसतो तो पूर्ण, शेवटच्या ठिपक्यापर्यंत, ग्रुपवर टाकायचा. खेळांच्या सुरुवातीच्या पडद्यावर कुठल्या तरी कोपऱ्यात तो लिहिलेला असतो. लुआंटीत माहितीच्या टॅबमध्ये मिळेल.

शेवटच्या ठिपक्यापर्यंत का, तर प्रत्येक खेळाचा कडकपणा वेगळा आहे. ओपनटीटीडी सगळ्यात काटेकोर: १४.० आणि १४.१ एकत्र खेळू शकत नाहीत. वेस्नॉथ त्या मानाने समजूतदार. तिथे मधला आकडा सम असेल तर ती स्थिर मालिका, विषम असेल तर चाचणीची. १.१६ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, १.१८ मार्च २०२४ मध्ये. १.१८ मालिकेतले शेवटचे आकडे वेगळे असले तरी चालतं, पण १.१६ आणि १.१८ जमत नाहीत. त्यांचा मुख्य सर्व्हर तुमची आवृत्ती बघून तुम्हाला ज्याच्या त्याच्या दालनात पाठवतो, म्हणून दोघे मित्र ‘मी लॉबीत आहे, तू कुठे आहेस’ करत बसतात आणि दोघेही खरंच लॉबीत असतात. फक्त दोन वेगवेगळ्या.

झिरो ए.डी.मध्येही दोन आवृत्त्यांचे लोक एकत्र येत नाहीत. त्यांच्या आवृत्त्यांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावं असतात. सव्विसावी अल्फा ‘झुआंगझी’ सप्टेंबर २०२२ ची. तिथे मुळाक्षरं संपली, म्हणून जानेवारी २०२५ मधली सत्ताविसावी पुन्हा ‘ए’ वर येऊन ‘अग्नी’ झाली. नावं लक्षात राहतात, हा फायदा. ‘तुझ्याकडे अग्नी आहे का’ असं फोनवर विचारलं की आकड्यांची गफलत होत नाही.

लुआंटीत ५ मालिकेतल्या जवळपासच्या आवृत्त्या बहुधा एकमेकांशी बोलतात. पण जुन्या मशीनवर ०.४ पडलेली असेल तर ५ शी तिचं जमणार नाही.

आवृत्त्या इतक्या फाकतात कशा? कारण प्रत्येकाचा खेळ वेगळ्या वाटेने आलेला असतो. आमच्यातला एक डेबियनवाला आहे; डेबियन म्हणजे लिनक्सची एक डिस्ट्रो, तयार पॅकेजांसकट येणारा संच. डेबियनची स्थिर आवृत्ती बाहेर पडताना जे पॅकेज असतं ते जवळपास तसंच पुढची दोन वर्षं राहतं, ते तिचं वैशिष्ट्यच आहे. जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ओपनटीटीडी १३ आणि झिरो ए.डी.ची सव्विसावी अल्फा आली. दुसरा स्टीमवर, या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर. ओपनटीटीडी एप्रिल २०२१ पासून तिथे फुकट मिळतो, आणि तो न विचारता स्वतःला अपडेट करतो. तिसरी फ्लॅटपॅकवाली, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणारी स्वतंत्र पॅकेजं घेणारी. तिघांनीही सांगितलं ‘माझ्याकडे लेटेस्ट आहे’, आणि आपापल्या दुकानापुरतं तिघांचंही खरं होतं.

याला माझ्या मते एकच इलाज टिकतो. ज्या खेळाचा डाव महिनोन्महिने चालणार आहे, तो सगळ्यांनी एकाच वाटेने घ्यायचा. शक्यतो त्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून, आकडा ठरवून. ओपनटीटीडीची झिप उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये उघडली की तिथूनच चालते, आधीच्या खेळाला धक्का लागत नाही. डिस्ट्रोचं पॅकेज हवंच असेल तर पॅकेज व्यवस्थापकाला ते अडवून ठेवायला सांगता येतं: डेबियन घराण्यात ‘होल्ड’, फ्लॅटपॅकमध्ये ‘मास्क’. डाव संपेपर्यंत अडवलेलं ठेवा. संपला की सगळ्यांनी एकत्र वर चढा. मात्र डाव संपल्यावर अडवणूक काढायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि पुढच्या मोसमात जुन्या आवृत्तीवर बसलेला तो नग मीच निघालो.

एकाच मशीनवर दोन खेळ

आवृत्तीचे आकडे जुळले तरी अडतंय, किंवा आकडा दर वेळी वेगळाच दिसतोय? मग मशीनवर तोच खेळ दोनदा बसलेला आहे का ते बघा. लिनक्सवर हे फार सहज होतं. सॉफ्टवेअरच्या दुकानात खेळ शोधला, दोन नोंदी दिसल्या, एक डिस्ट्रोची, एक फ्लॅटपॅकची. आज ही टाकली, सहा महिन्यांनी ती. मेन्यूत दोन सारखीच चित्रं, आणि आपण कुठल्यावर क्लिक करतो ते त्या दिवशीच्या नशिबावर. लुआंटीच्या बाबतीत तर नावंही दोन झाली आहेत, जुनं माइनटेस्ट एकीकडे आणि नवं लुआंटी दुसरीकडे.

‘माझे सगळे सेव्ह उडाले’ ही ओरडही बहुधा इथूनच येते. फ्लॅटपॅकमधला खेळ आपलं सामान घरच्या फोल्डरातल्या ‘व्हार’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात, त्यातल्या ‘ॲप’मध्ये ठेवतो. डिस्ट्रोचा खेळ ते दुसरीकडे ठेवतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. फाइल व्यवस्थापकात कंट्रोल आणि एच दाबून लपलेले फोल्डर दिसते करा, जुने सेव्ह सापडतील. ते नव्या जागी कॉपी करायचे, हलवायचे नाहीत. कॉपी केलेली बरी, कारण नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेला डाव जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही. ओपनटीटीडी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे सेव्ह बिनतक्रार उघडतो, पण उलट दिशेला रस्ता नाही.

वेस्नॉथमध्ये हा त्रास कमी. तो प्रत्येक मालिकेचं सामान वेगळ्या फोल्डरात ठेवतो, त्यामुळे १.१६ आणि १.१८ शेजारी शेजारी सुखाने राहतात. अर्धवट मोहीम ज्या मालिकेत सुरू केली तिथेच संपवा, जुने सेव्ह नव्या मालिकेत ओढायचा हट्ट करू नका. उघडतीलही कदाचित, आणि चौथ्या प्रसंगात एखादं युनिट गायब झालेलं दिसेल.

आणि लुआंटी उघडला आणि आत खेळच नाही असं झालं तर घाबरू नका. डिसेंबर २०२३ च्या ५.८ पासून मूळचा माइनटेस्ट गेम सोबत येत नाही. आतल्याच सामग्रीच्या टॅबमधून हवा तो खेळ उतरवून घ्यायचा. तेसुद्धा होस्टनेच. नुसतं जॉइन होणाऱ्याला त्याची गरज नाही.

मॉड: नाव एक, गाव वेगळं

ओपनटीटीडीत नव्या गाड्या, इमारती वगैरे न्यूजीआरएफ नावाच्या फाइलींतून येतात. सर्व्हरवर लावलेली प्रत्येक न्यूजीआरएफ जॉइन होणाऱ्याकडे असावीच लागते, आणि तपासणी नावाची होत नाही. फाइलीचा आतला ओळख क्रमांक आणि एमडी ५ चेकसम (आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) पाहिला जातो. त्यामुळे ‘ती फाइल माझ्याकडे आहे की’ याला अर्थ नाही. नाव तेच असेल, आतला मजकूर मागच्या वर्षीचा असेल. सर्व्हरच्या माहितीच्या खिडकीतच राहिलेल्या फाइली ऑनलाइन शोधून उतरवायचं बटण असतं. आधी ते दाबा. तिथे मिळालं नाही तर होस्टने ती फाइल दुसरीकडून कुठून तरी आणून टाकलेली असणार. मग होस्टनेच ती सगळ्यांना पाठवावी. आणि असल्या फाइली पुढच्या डावात घेऊ नयेत, हे माझं मत.

याउलट काही गोष्टी जुळायची गरजच नसते, आणि लोक त्यांच्यामागे उगाच धावतात. मूळ चित्रसंच कुठला वापरताय, ओपनजीएफएक्स की १९९५ च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सचा जुना, याने काही बिघडत नाही. संगणकाचे प्रतिस्पर्धी आणि गेमस्क्रिप्ट सर्व्हरवरच चालतात, तेही तुमच्याकडे नसले तरी चालतं.

जेजीआर पॅचपॅक मात्र लक्षात ठेवा. दिसतो ओपनटीटीडीसारखाच, आहे वेगळा खेळ. तो साध्या सर्व्हरवर जाणार नाही आणि त्याचा सेव्ह साध्या खेळात उघडणार नाही. आमच्यातल्या एकाने कधीतरी कुतूहलापोटी तो टाकला होता आणि स्वतःच विसरला होता. दोन शनिवार गेले.

झिरो ए.डी.त खेळाचे नियम बदलणारे मॉड सगळ्यांकडे सारखे लागतात. नुसतं दिसणं बदलणारे मॉड या तुलनेतून वगळायची सोय आहे, पण ती मॉड लिहिणाऱ्याने केलेली असावी लागते. शंका असेल तर सगळे मॉड बंद करून एकदा जॉइन होऊन बघा. झालात, तर एकेक चालू करत जा. वेस्नॉथमध्ये नवी युनिटं आणणारे काळसंच सगळ्यांकडे पाहिजेत. शिवाय तिथली जोडसामग्री मालिकेनुसार वेगळी ठेवलेली असते, म्हणून १.१८ वर चढल्यावर तुमचा आवडता संच यादीत दिसला नाही तर तो उडालेला नसतो. लिहिणाऱ्याने तो अजून नव्या मालिकेत आणलेला नसतो.

आता राउटर

एवढं सगळं जुळलं आणि तरी मौनच असेल, तर नेटवर्क.

होस्टच्याच घरातल्या दुसऱ्या मशीनवरून जॉइन होऊन बघा. तिथूनही होत नसेल तर दोष होस्टच्या मशीनवर आहे, बहुधा फायरवॉल. विंडोजवर खेळ पहिल्यांदा चालवताना परवानगीची खिडकी येते. घाईत रद्द केली की तो नकार कायमचा लिहून ठेवला जातो आणि पुन्हा कधी विचारलं जात नाही. फायरवॉलच्या यादीत जाऊन खेळाची नोंद शोधा. अख्खी फायरवॉल बंद करू नका.

घरातून होतंय आणि बाहेरून नाही, तर पोर्ट, म्हणजे खेळाचं ठरलेल्या क्रमांकाचं दार; टीसीपी आणि यूडीपी या त्यातून माहिती पाठवायच्या दोन पद्धती. ओपनटीटीडीचा ३९७९, टीसीपी. झिरो ए.डी.चा २०५९५, यूडीपी. लुआंटीचा ३००००, तोही यूडीपी. वॉरझोनचा २१००, हा विसरणं अवघड. वेस्नॉथचा १५०००, टीसीपी. राउटरमध्ये पोर्ट उघडताना टीसीपी आणि यूडीपी यांत गल्लत होते, ते दोनदा बघा.

‘गेल्या शनिवारी चालत होतं, आज नाही’ याचं नेटवर्कमधलं एक ठरलेलं कारण आहे. मध्यंतरी राउटर बंद-चालू झाला आणि होस्टच्या मशीनला घरातला पत्ता वेगळा मिळाला. पोर्टची वाट अजून जुन्या पत्त्याकडेच जातेय, तिथे आता कदाचित टीव्ही बसलाय. राउटरमध्ये होस्टच्या मशीनचा पत्ता राखीव करून टाका, हा प्रकार कायमचा संपेल.

आणि राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेट पुरवठादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेलं आहे. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा वाट बदला. ओपनटीटीडीत १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, निमंत्रणाचा कोड देऊन खेळता येतं, पोर्ट उघडावाच लागत नाही. सर्व्हर फक्त निमंत्रितांसाठी ठेवायचा आणि कोड ग्रुपवर टाकायचा. वेस्नॉथमध्ये सगळे मुख्य सर्व्हरवर भेटलात तर कुणालाच काही उघडावं लागत नाही. बाकी खेळांसाठी दुसऱ्या कुणाला तरी होस्ट करा, नाहीतर सगळ्यांनी एकाच खासगी व्हीपीएनवर या.

मधेच सिंक तुटणं

हा सगळ्यात चिवट प्रकार. सगळे जॉइन झाले, तासभर खेळले, आणि अचानक एक जण बाहेर फेकला गेला. ओपनटीटीडी म्हणतो जुळणी बिघडली, झिरो ए.डी. म्हणतो ‘आउट ऑफ सिंक’. लोक याला लॅग समजतात. लॅगमध्ये खेळ अडखळतो. इथे खेळ व्यवस्थित चालू होता, फक्त दोन पट वेगळे झाले होते.

खेळाला हे कळतं कसं? ओपनटीटीडीत सर्व्हर अधूनमधून आपल्या यादृच्छिक आकड्यांच्या बीजाची सध्याची स्थिती पाठवतो. तुमच्या मशीनने तोवर तेवढेच फासे टाकलेले असले तर दोन्ही आकडे सारखे येतात. एकाने जरी एक फासा जास्त टाकला असेल, तर कुठेतरी काहीतरी वेगळं घडलंय. म्हणून चूक घडते तो क्षण आणि बाहेर फेकलं जाण्याचा क्षण यांत अंतर असू शकतं. शेवटी केलेल्या कृतीवर खापर फोडू नका. दशांश अपूर्णांकांची आकडेमोड दोन प्रोसेसरांवर किंवा दोन कंपायलरांत शेवटच्या अंकात वेगळी येऊ शकते, म्हणून झिरो ए.डी.ने जगाची आकडेमोड ठरावीक बिंदूच्या संख्यांत (दशांशचिन्हाची जागा पक्की असलेल्या) ठेवली आहे. हे खेळ लिहिणारी माणसं किती कडेलोटावरून चालतात, हे हा प्रकार वाचल्यावर कळलं. तेव्हापासून मी जरा कमी चिडतो.

तर करायचं काय? वही घ्या आणि दर वेळी तीन गोष्टी लिहा: कोण फेकला गेला, खेळातली तारीख काय होती, नुकतंच नवीन काय आलं होतं. दोन-तीन नोंदींत चित्र दिसायला लागतं. होस्ट सोडून सगळेच एकदम पडत असतील, तर संशय होस्टच्या मशीनवर. दर वेळी त्याच तारखेच्या आसपास पडत असतील, तर खेळात किंवा एखाद्या न्यूजीआरएफमध्ये खरा दोष आहे. त्याच्या अलीकडचा सेव्ह जपून ठेवा आणि प्रकल्पाच्या नोंदवहीत तक्रार टाका. सेव्ह, पूर्ण आवृत्ती, न्यूजीआरएफची यादी आणि ‘इथून पुढे चालवलं की अमुक वेळात तुटतं’ एवढं वाक्य दिलंत तर तक्रारीला वजन येतं. नुसतं ‘सारखं तुटतं’ लिहिलं तर त्यांनी काय शोधायचं?

तात्पुरतं म्हणाल तर पुन्हा जॉइन व्हा. नकाशा नव्याने उतरतो आणि दोन पट परत एक होतात. झिरो ए.डी.तही चालू सामन्यात परत शिरता येतं.

आणि दर वेळी एकच माणूस पडत असेल, वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या कारणांनी? आमच्याकडे हे धाकट्या बहिणीचं झालं. आवृत्ती तीच, फाइली त्याच, चेकसम तेच. खेळ उडवून पुन्हा टाकला. दुसऱ्या केबलवर आणलं. झिरो ए.डी. खेळलो तर तिथेही तीच बाहेर. एरवी तिचं मशीन अगदी नीट चालायचं, महिन्यातून एखादं ब्राउझरचं पान कोसळायचं, तिकडे कोण बघतो. शेवटी वहीतल्या नोंदी वाचताना तिच्याच लक्षात आलं की नकाशा मोठा असला की लवकर पडते, लहान असला की उशिरा. रात्रभर मेमटेस्ट, रॅम तपासणारा प्रोग्राम, लावून ठेवला. सकाळी पडद्यावर लाल ओळी. रॅमची एक कांडी मधूनच एखादा बिट उलटा वाचत होती. लेख लिहिताना किंवा गाणी ऐकताना एक बिट हलला तर कुणाला कळतंय? इथे मात्र तिच्या मशीनचा हिशोब सतत दुसऱ्या मशीनशी ताडून पाहिला जात होता.

कांडी काढून ठेवली, उरलेल्या एकीवर त्या शनिवारी बसलो. डाव १९५० ला सुरू केला होता. २०३१ साल उजाडलं तेव्हा पाचही जण आत होते, आणि तिने माझ्या कोळशाच्या खाणीशेजारी स्वतःचं स्टेशन बांधलं होतं.